बाबांचे ठसे आणि हेंडनचं लिबरेटर

ब्रिटनच्या व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायचे होते. आधी चार-चार बोटं, मग दोन्ही अंगठे. बाबांचा उजवा अंगठा सातव्यांदा काचेवर दाबला आणि पडद्यावर पुन्हा लाल फुली. "आजोबांचे ठसे येत नाहीत, पुढची तारीख घ्या," एवढं बोलून काउंटरवरच्या मुलाने पुढचं टोकन पुकारलं.

बाबा ८१ वर्षांचे. लोहगावला हवाई दलाच्या ६ नंबर स्क्वाड्रनमध्ये इंजिन फिटर होते, लिबरेटर नावाच्या चार इंजिनांच्या बॉम्बर विमानांवर. दुसरं महायुद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी ही बॉम्बर कानपूरला मोडतोड करून टाकून दिली होती, कोणाला वापरता येऊ नयेत म्हणून. बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीच्या लोकांनी त्या भंगारातून चाळीसच्या आसपास विमानं उभी केली आणि आपल्या हवाई दलाने ती १९६८ च्या अखेरपर्यंत उडवली. त्यातलंच एक १९७४ मध्ये ब्रिटनला भेट दिलं गेलं. ते आता लंडनमध्ये हेंडनच्या आरएएफ म्युझियममध्ये, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या संग्रहालयात आहे. बाबांना ते एकदा बघायचं होतं.

फॉर्म, बँकेचे कागद, तिकिटं, कशालाच त्रास झाला नाही. अडलो ते ठशांपाशी. पाना-रिंचवर झिजलेली, रॉकेलने धुतलेली बोटं ती, वयाने आणखी गुळगुळीत झालेली. दुसऱ्या खेपेला दोन तास बसवून तेच उत्तर. बाबा रिक्षात हात उलटे-पालटे करून बघत राहिले. मला रडू आलं, आणि रागही. ज्या हातांनी ती इंजिनं चालती ठेवली, त्याच हातांपायी अडावं?

म्हणून सांगते, घरात म्हातारं माणूस असेल तर आठ दिवस आधीपासून रात्री हातांना व्हॅसलीन चोळा, पण त्या दिवशी सकाळी हात कोरडे हवेत. काउंटरवर वाद घालू नका, थेट सुपरवायझरला बोलवा. तिसऱ्या खेपेला आम्ही तेच केलं. त्या बाईंनी स्वतः काच पुसली, बाबांचं एकेक बोट आपल्या हाताने दाबलं, दहा मिनिटांत काम झालं. आणि हो, मेंदी लावून जाऊ नका, शेजारच्या मुलीला त्यापायी परत पाठवलं. तारीख घेताना प्रवासाला निदान दोन महिने हातात ठेवा. आमचा व्हिसा निघायच्या चार दिवस आधी आला.

म्युझियमला तिकीट नाही. कॉलिंडेल स्टेशनवरून चालत जाता येतं, बाबा दोनदा बसले वाटेत.

विमानावर ब्रिटिश नंबर आहे, केएन ७५१. आपल्याकडे ते एचई ८०७ होतं. बाबा नंबर न बघताच पोटाखाली वाकले. तिथलं बॉम्बचं दार दुकानाच्या शटरसारखं वर सरकतं. "ह्यात धूळ अडकायची," म्हणाले. मग चारही इंजिनांखालून सावकाश फिरले, प्रत्येकाखाली थांबून, मान वर करून, पूर्वी तेलाची गळती बघायचे तसे.