लाडवावर ताणलेला दोरा

मुंबई ते न्यूयॉर्क साधारण साडेबारा हजार किलोमीटर, विमानाला जवळपास सोळा तास. हे आकडे मला महिनाभर पाठ होते. नाशिकहून मुंबई विमानतळ पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, हेही पाठ होतं. फक्त त्याला किती तास लागतील ते कुणाला छातीठोक सांगता येत नाही.

विमान रात्री दीडचं. पंचवटीतून दुपारी चारला निघालो. घोटी, इगतपुरी, कसारा घाट सगळं बिनघोर पार पडलं आणि आसनगावला गाडी अडकली ती भिवंडी सुटेपर्यंत. पुढेमागे कंटेनर, मध्ये आम्ही. विमानतळावर अकरा वाजता पोहोचलो. सात तास! तेवढ्यात विमानाची निम्मी वाट सरते. ओझरचं विमानतळ घरापासून अर्ध्या तासावर आहे. तिथून थेट परदेशी जाता आलं असतं, तर म्हाताऱ्या माणसांचे किती हाल वाचले असते.

त्या सात तासांत आईनं एकदाच म्हटलं, "अगं, जरा थांबव ना, पाय आखडलेत." मी खेकसले तिच्यावर. मग ती विमानात बसेपर्यंत गप्पच होती.

विमानात समोरच्या पडद्यावरचा नकाशा ती एकटक बघत होती. शेवटी बोलली. "अमेरिका पश्चिमेला ना गं? मग हे उत्तरेला कशाला चाललंय?" रेघ खरंच युरोपवरून वर चढून ग्रीनलंडच्या टोकाशी वळत होती. सपाट नकाशावर ते समजावता येईना. मग तिच्याच डब्यातला डिंकाचा लाडू घेतला. एका अंगाला बेदाणा दिसत होता, ती मुंबई. जवळजवळ पलीकडच्या अंगाला काजूचा तुकडा, ते न्यूयॉर्क. तिच्या शालीचा एक सुटलेला दोरा दोघांमध्ये ताणला. पोटावरून धरलेला दोरा ताण बसताच सरकून लाडवाच्या माथ्याकडे गेला.

आईनं दोरा स्वतःच्या हातात घेऊन पुन्हा ताणून पाहिला. "म्हणजे वरून जवळ पडतं," म्हणाली. मग लाडू मोडला आणि बेदाण्याची बाजू मला दिली. तिचा राग गेला होता. माझ्या घशाखाली मात्र घास उतरेना.

न्यूयॉर्कचे तीन आठवडे भावाच्या घरी, नातवाच्या मागे धावण्यात गेले.

परतीला दीडएक तास कमी लागला. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, तो येताना पाठीशी असतो. हे सांगितल्यावर आईनं लगेच विचारलं, "आणि भिवंडीला?"

भिवंडीला तीच रांग होती. पण शहापूर सोडल्यावर मीच ड्रायव्हरदादांना गाडी बाजूला घ्यायला सांगितली. आई उतरली, कंबरेवर हात ठेवून घाटाच्या दिशेला बघत उभी राहिली. चहा आला, संपला. तिचं मन भरेपर्यंत आम्ही तिथंच होतो.