यंदा गडावर ट्रॉलीनं

"मला कसलाच त्रास नाही," असं ताई पलंगावर आडव्या होतानाच म्हणाल्या. वय 52, नाशिकजवळच्या खेड्यातल्या. हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप सैल पडून चांगलीच गळत होती, तरी इकोतले, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीतले, बाकीचे आकडे बरे होते. पंपिंग 65 टक्के, ठोके नियमित, फुफ्फुसाच्या धमनीतला दाब 34. गेल्या वर्षीही मीच तपासलं होतं आणि 'लक्षणे नाहीत' असं लिहून दिलं होतं. यंदाही तेच लिहिणार होतो.

जेली पुसायला कागद देत असताना त्यांचे यजमान सहज बोलून गेले, "यंदा सप्तशृंगीला ट्रॉलीनं गेलो. ही पायऱ्यांना नकोच म्हणाली."

"गुडघे दुखतात," ताई घाईनं म्हणाल्या.

"कधीपासून?"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. "तसे दुखत नाहीत हो. पण वय झालं ना आता."

मी रिपोर्ट लिहायचा थांबलो. दुपारी त्यांना झोपून पाय मारायच्या सायकलवर घेतलं. पलंग डावीकडे कलता, छातीवर प्रोब, 25 वॅटपासून सुरुवात आणि दर तीन मिनिटांनी 25 वॅटची वाढ.

निरोगी माणूस व्यायाम करतो तेव्हा फुफ्फुसाकडे कितीतरी जास्त रक्त जातं, पण तिथल्या वाहिन्या रुंदावतात, मिटलेल्या उघडतात, त्यामुळे दाब बेताचाच वाढतो. गळक्या झडपेचं तसं नाही. प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त उलटं वरच्या कप्प्यात येतं आणि तिथला दाब चढतो. फुफ्फुसाकडून येणाऱ्या शिरांना झडपाच नसतात, म्हणून तो दाब अडवायला वाटेत काहीच नाही. तो थेट फुफ्फुसात पोचतो आणि माणसाला धाप लागते. नुसतं स्वस्थ पडून केलेल्या इकोत यातलं काही दिसेलच असं नाही.

दाब आम्ही उजव्या झडपेतून मागे येणाऱ्या रक्ताच्या वेगावरून काढतो. वेगाचा वर्ग, गुणिले चार, अधिक उजव्या कप्प्याचा अंदाजे दाब. विश्रांतीत वेग होता सेकंदाला 2.7 मीटर. 50 वॅटला 3.4 झाला. 75 वॅटला 3.9, म्हणजे दाब 66. पडद्यावर गळतीचा रंगीत झोतही सकाळपेक्षा रुंद झाला होता. ताईंचे पाय थांबले, वाक्य पुरं होईना.

"दम लागला?"

"हो... पण हा तर रोजचाच."

मी प्रोब तसाच धरून राहिलो. गेल्या वर्षी मी "दम लागतो का?" एवढंच विचारलं होतं. पाण्याचा हंडा अर्धाच भरायला कधी लागलात, हे विचारलं नव्हतं. ते त्यांनी आत्ता, श्वास खाली बसल्यावर, आपणहून सांगितलं. दीड वर्ष झालं होतं.

व्यायामात दाब 60 च्या वर गेला, एवढ्यावरून कुणाला ऑपरेशनला पाठवू नये, असं माझं मत आहे. पण एवढ्याशा कामाला धाप लागते, आणि त्याच मिनिटाला दाब चढलेला दिसतो, तेव्हा 'लक्षणे नाहीत' हे खोटं ठरतं. पंपिंग घसरायच्या आत गेलं तर अशी झडप बहुतेक वेळा बदलावी लागत नाही, दुरुस्त करता येते. हे दोघांना समजावलं आणि सर्जनच्या नावे चिठ्ठी दिली.

"पण ही कधी तक्रारच करत नव्हती हो," यजमान दारात थांबून म्हणाले. ताई पुढे गेल्या होत्या. खाली उतरायला एकच मजला होता, तरी त्या लिफ्टपाशी उभ्या होत्या.