अर्धा ग्लास

काल दुपारी पाहुणे आले होते. ट्रेमधले सहाच्या सहा ग्लास अर्धे परत आले. बायको ते मोरीत ओतणार, एवढ्यात मी आडवा गेलो आणि सगळे कढीपत्त्याच्या कुंडीत रिकामे केले. चपला घालता घालता पाहुणे बघत होते. बघू देत. जुना आजार आहे.

तो आजीकडून आला. आमचं गाव धुळ्याकडचं, पांझरेकाठचं. १९७२च्या दुष्काळात आजी आम्हा पोरांना बाजेवर बसवून आंघोळ घालायची, बाजेखाली घमेलं. "हालू नको रे भो!" हाललं की पाणी घमेल्याबाहेर. ढुंगणावर सुंभाचे वळ उठायचे. घमेल्यातलं पाणी धुण्याला, धुण्याचं अंगण सारवायला. एक तांब्या तीनदा राबायचा. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तेव्हा खायला गोड सुकडी मिळायची, आणि खरं सांगतो, मला दुष्काळ गोडच आठवतो. लाल मिलो ज्वारीची भाकरी सोडून.

आजोबांच्या तोंडी सारखा फड. तमाशाचा नव्हे, पाण्याचा. बंधाऱ्याखालचं रान तीन-चार फडांत वाटलेलं, आणि ज्याची त्याची जमिनीची पट्टी होईल तितक्या फडांत. नदी आटली की एखादाच फड भिजायचा, बाकीचे कोरडे. म्हणजे ओल थोडीथोडी सगळ्यांना आणि कोरडही सगळ्यांना. पाणी सोडणार पाटकरी. बाकी कुणी, कितीही मोठा असो, पाटाच्या दाराला हात लावायचा नाही.

जुन्या खानदेशची राजधानी बऱ्हाणपूर. तिथला कुंडी भंडारा मी पाहिलाय. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून नुसत्या उतारानं शहरात आणलेलं, १६१५ साली. पंधराच वर्षांत, १६३०ला, खानदेशात दुष्काळ पडला तो माणसं खाणारा. खुद्द शहाजहान तेव्हा बऱ्हाणपुरात होता. शहरात पाणी असेल. पण रानात पिकलंच नाही तर ते पिऊन किती दिवस काढणार?

तर, पाहुणे गेल्यावर बायको म्हणाली, "मग अर्धाच ग्लास भरून देत जा ना."

पन्नास वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. पण बहात्तर सालीसुद्धा आजी पाहुण्यापुढे तांब्या ठेवायची तो काठोकाठ भरलेला. त्या दिवशी आमची आंघोळ नसायची.

कढीपत्ता मात्र पिवळा पडत चाललाय. पाणी फार होतंय म्हणे.