आज लॉगबुकमध्ये दोन सह्या मिळाल्या

आज प्राण्यांच्या दवाखान्यातल्या एक्स्टर्नशिपमध्ये (प्रत्यक्ष कामाचं ट्रेनिंग) सेफॅलिक व्हेनमधून, म्हणजे पुढच्या पायातल्या शिरेतून, ब्लड काढायचं स्किल लॉगबुकमध्ये साइन झालं एकदाचं!! पेशंट एक म्हातारी लॅब्राडोर, इतकी शहाणी की पाय स्वतःच पुढे केला, त्यामुळे अर्धं श्रेय तिचं 😄 बघणाऱ्याला वाटतं सुई लागली की झालं, पण नंतर शिरेवर दाबून धरायचं, जांभळ्या झाकणाची ईडीटीए ट्यूब (यातलं औषध रक्त गोठू देत नाही) लगेच हळूच उलटी-सुलटी करत राहायचं, जोरात हलवली तर पेशी फुटतात आणि न हलवली तर गुठळ्या होतात, म्हणजे रिपोर्टची वाट लागलीच समजा.

मग दुसरी सही, दुपारी एका मांजरीच्या स्पेला (नसबंदीच्या ऑपरेशनला) ॲनेस्थेशिया मॉनिटरिंग, म्हणजे भूल दिलेली असताना तिच्यावर लक्ष ठेवणं. दर ५ मिनिटांनी हार्ट रेट, श्वास, बीपी, ऑक्सिजन, टेम्परेचर सगळं चार्टवर. मॉनिटर असतो हो, पण हिरड्यांचा रंग बघणं, जबडा किती सैल आहे ते हाताने चाचपणं, हे मशीन करत नाही. मला तरी हाताचाच जास्त भरवसा वाटतो.

आणि हे सगळं केलं तरी लिहिल्याशिवाय मोजलं जात नाही!! तारीख, प्राणी, कुठली शीर, कोण सुपरवायझर, वर व्हिडिओ, त्यात माझे हात आणि प्राणी दोन्ही स्पष्ट दिसले पाहिजेत, त्यासाठी ओनरची परवानगी वेगळी. पण चार्ट मात्र मी मनापासून भरते, पुढच्या वेळी त्या मांजरीला भूल देणारा तोच वाचणार आहे ना.

उद्या डेंटल एक्सरे. वरच्या दाढांचा अँगल कसा साधता तुम्ही लोक, सांगा रे कोणीतरी 🙏