तुम्ही विचारलंत म्हणून: रोज त्याच समुद्रावर काय करत होतात?

"दोन महिने लेकीकडे सिडनीत होतात. ऑपेरा हाउस एका दिवसात बघून होतं. मग रोज त्याच समुद्रावर जाऊन दोघं करत काय होतात?" भिशीत, लग्नाच्या पंगतीत, भाजी घेतानासुद्धा मला हे विचारतात. घाईत सांगण्यासारखं नाही, म्हणून आज नीट सांगते.

चालत होतो. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण दोघांनी मिळून चालणं तिथे सुरू झालं. नाशकात हे पहाटे साडेपाचला मित्रांबरोबर गंगापूर रोडने जातात, मी संध्याकाळी मैत्रिणींबरोबर कृषिनगरच्या ट्रॅकवर. सिडनीत ना यांचे मित्र, ना माझ्या मैत्रिणी. नातू झोपला की लेक म्हणायची, "जा, दोन तास फिरून या."

बॉन्डी ते कूजी अशी समुद्राच्या कड्याकडेने पायवाट आहे, साधारण 6 किलोमीटर. पायऱ्या बऱ्याच. यांचा गुडघा आणि माझा दम सांभाळत आम्ही रोज एक तुकडा चालायचो आणि बसने परत यायचो. जून-जुलै, म्हणजे तिथली थंडी. कोकणात समुद्रात सूर्य बुडताना पाहिलेला. इथे तो समुद्रातून वर येतो. पहिल्या दिवशी आम्ही चहा न घेताच निघालो होतो, ते बघायला.

हे नाशकात गोदावरीतल्या गांधी तलावात पोहायला शिकलेले. त्यामुळे बॉन्डीच्या वाळूवर आधी पाणी वाचत उभे राहिले. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहायचं, हा तिथला नियम. जिथे लाटा फुटत नाहीत, पाणी जरा गडद आणि निवांत दिसतं, तिथेच उतरावंसं वाटतं. पण किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच जोराने आत परत जात असतं. त्याला रिप म्हणतात. त्यात सापडलात तर झुंजू नका, तरंगत राहा, हात वर करा, असं तिथल्या जीवरक्षक मुलाने समजावलं. हे म्हणाले, (गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो) "गंगेच्या पुरातही हेच. धारेशी भांडायचं नाही, तिरपं काठाला लागायचं." आणि मग बारा वर्षांचे असताना, नदीपात्रातल्या, पूर मोजायच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं होतं तेव्हा मारलेल्या उडीची गोष्ट सांगितली. सासूबाईंना ती कधी कळली नाही. मलाही चौतीस वर्षांत कळली नव्हती.

तिथेच खडकावर बांधलेला एक तलाव आहे, लाटा थेट त्यात येतात. आइसबर्ग्ज हा थंडीत पोहणाऱ्यांचा क्लब, 1929 सालचा. सभासदाने पाच वर्षं, थंडीच्या दिवसांत, चारपैकी तीन रविवारी पोहायलाच हवं. यांना तो नियम इतका आवडला की घरी येऊन लेकीला दोनदा सांगितला.

पण मला सांगायचंय ते वेव्हर्लीबद्दल. ब्राँटेच्या पुढे वाट एका जुन्या दफनभूमीच्या कडेने जाते. 1877 पासूनची. पांढऱ्या संगमरवरी थडग्यांच्या रांगा उतारावरून थेट समुद्राकडे जातात. तिथे हे कठड्याला टेकून थांबले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आईच्या अस्थी रामकुंडात सोडल्या आणि लगेच गुरुजींनी पुढचं साहित्य मागितलं. मी पिशवी शोधायला धावलो. अगं, आई पाण्यात कशी गेली, ते मी पाहिलंच नाही."

सासूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. त्या दिवशी पाहुणे, जेवणं, निरोप, सगळं यांनी एकट्याने सांभाळलं होतं. डोळ्यांत पाणी मी पहिल्यांदा त्या कठड्यापाशी पाहिलं. घरात, समोरासमोर बसून, हे यांना बोलताच आलं नसतं असं मला वाटतं. चालताना दोघांची नजर पुढे असते. बोलणं सोपं जातं.

त्यानंतर आम्ही वेव्हर्लीला रोज थांबायचो. कधी बोलायचो, कधी नाही. पुढे क्लोव्हेलीला दोन्ही बाजूंनी सिमेंटचे काठ बांधलेली चिंचोळी खाडी आहे, अगदी घाटासारखी. तिथल्या पायरीवर बसून डब्यातल्या दशम्या खायच्या.

पूर्ण वाट एका दमात फक्त एकदा चाललो, विमानाच्या आदल्या दिवशी. कूजीला पोचलो तेव्हा माझी पावलं ठणकत होती आणि बस समोर उभी होती. यांनी बसकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "परत चालतच जाऊ या?"

मी चपलेचा बंद घट्ट केला.