सेंटरलेस ग्राइंडिंगवर नियंत्रण तक्ता बसवताना : माझा अनुभव

भोसरी एमआयडीसीतील आमच्या छोट्या कारखान्यात २५ मिलिमीटर व्यासाचे पोलादी शाफ्ट सेंटरलेस ग्राइंडिंगवर, म्हणजे नग टोकांना न धरता दोन चाकांमध्ये घासून, तयार होतात. ड्रॉइंगवर या व्यासाला एच-७ (इंग्रजी लहान h) टॉलरन्स दिलेला आहे, म्हणजे २५.००० च्या वर काहीही चालत नाही आणि खाली २१ मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मुभा असते. एका नव्या ग्राहकाने पीपॅपच्या (भाग नियमित पुरवण्याआधी ग्राहकाकडून घ्यायच्या मंजुरीच्या) वेळी या व्यासाचा सीपीके (टॉलरन्सच्या मानाने प्रक्रियेचा फरक किती लहान आणि मध्यावर आहे, ते सांगणारा आकडा) १.६७ च्या वर दाखवण्याची आणि पुढे एसपीसी (आकडेवारीच्या आधारे प्रक्रियेवर लक्ष ठेवणे) नियमित चालू ठेवण्याची अट घातली, आणि गुणवत्ता विभागात मीच एकटी इंजिनिअर असल्यामुळे ते काम माझ्याकडे आले.

वास्तविक नियंत्रण तक्ते, म्हणजेच चार्ट, आमच्याकडे आधीपासून होते. ऑडिटसाठी एक जाडजूड फाईल तयार असे आणि तिच्यातील प्रत्येक एक्स-बार आर चार्टवरचे (यात ठरावीक नगांच्या गटाची सरासरी आणि विस्तार, म्हणजे सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान मापातला फरक, मांडतात) सगळे बिंदू मधल्या रेषेला चिकटून चाललेले दिसत. पाहणाऱ्याला समाधान वाटावे असेच ते दृश्य होते, पण मला नेमका त्याचाच संशय आला. नियंत्रण मर्यादा, म्हणजे चार्टवरच्या वरच्या-खालच्या रेषा, मध्यापासून तीन सिग्मांवर (सिग्मा म्हणजे प्रमाण विचलन, फरकाचे माप) असतात आणि बिंदू खरोखर केवळ योगायोगाने वरखाली होत असतील, तर त्यांपैकी साधारण एक तृतीयांश बिंदू एका सिग्माच्या पलीकडे पडायला हवेत. आमच्या फाईलमध्ये असा बिंदू शोधूनही सापडत नव्हता. नमुने कुठून उचलले जातात हे पाहायला गेल्यावर उलगडा झाला. लाइन इन्स्पेक्टर वॉशिंगनंतरच्या ट्रेमधून पाच नग घेत असे आणि त्या ट्रेमध्ये दोन ग्राइंडिंग मशिनांचा माल एकत्र येत असे. दोन्ही मशिनांच्या सेटिंगमध्ये काही मायक्रॉनचा फरक होता. तो फरक प्रत्येक गटाच्या आतच शिरल्यामुळे विस्तार फुगत होता, विस्तारावरून काढलेल्या मर्यादा रुंद होत होत्या, आणि सरासरीत मात्र दोन मशिनांचा माल एकमेकांना सांभाळून घेत असल्यामुळे बिंदू मध्यावर राहत होते. असा चार्ट वर्षभर भरला तरी काही सांगणार नाही.

अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी मे १९२४ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिक या टेलिफोन उपकरणे बनवणाऱ्या कंपनीतील आपल्या वरिष्ठांना पाठवलेल्या छोट्याशा टिपणात हा तक्ता पहिल्यांदा मांडला. प्रक्रियेत सतत असणारी किरकोळ कारणे आणि शोधून काढता येण्याजोगे वेगळे कारण यांची फारकत करणे, हे त्याचे काम आहे. १९४७-४८ मध्ये संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट भारतातही आले होते, त्यामुळे हा विषय आपल्याकडे काही कालपरवाचा नाही. तरीही बहुतेक ठिकाणी त्यातील सूत्रे पाठ असतात आणि गट कसा निवडायचा हा खरा प्रश्न मागे राहतो. गटाच्या आत यंत्राचा स्वाभाविक फरक तेवढा असावा आणि ज्या कारणांचा माग काढायचा आहे ती गटागटांच्या मध्ये पडावीत, या विचाराने आम्ही प्रत्येक मशिनचा चार्ट वेगळा केला आणि मशिनमधून लागोपाठ बाहेर येणारे पाच नग, हा गट ठरवला.

त्याआधी मोजमापाचा अभ्यास करणे भाग होते. दहा नग, तीन जण आणि प्रत्येकी तीन वेळा मोजणी, अशा नेहमीच्या पद्धतीने गेज आर अँड आर (मोजमापातच किती फरक पडतो, याची चाचणी) केले, तेव्हा हातातल्या मायक्रोमीटरचा आकडा टॉलरन्सच्या ३० टक्क्यांच्या पुढे गेला. दहाच्या खाली असेल तर उत्तम आणि तिसाच्या वर असेल तर ती पद्धत वापरू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणून एअर गेज (हवेच्या दाबावरून व्यास मोजणारे साधन) घेण्यासाठी मालकांकडून मंजुरी मिळवणे, हा या प्रवासातील सर्वांत कंटाळवाणा भाग होता, त्यामुळे त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

नव्या पद्धतीने पंचवीस गट, म्हणजे १२५ नग मोजले. सरासरी व्यास २५.००० च्या ११ मायक्रॉन खाली आला आणि सरासरी विस्तार ४.६ मायक्रॉन. पाच नगांच्या गटासाठी विस्ताराला ०.५७७ ने गुणले की सरासरीपासून मर्यादेचे अंतर मिळते, ते २.७ मायक्रॉनच्या आत आले, म्हणजे गटांच्या सरासऱ्या साधारण उणे ८.३ ते उणे १३.७ या पट्ट्यात राहायला हव्या होत्या. प्रत्यक्षात त्या उणे ५ पासून उणे १७ पर्यंत फिरत होत्या. विस्ताराचा चार्ट मात्र शांत होता. मशिन लागोपाठचे नग एकसारखे काढत होते आणि त्याचे केंद्र मात्र दिवसभर इकडेतिकडे सरकत होते, एवढे त्यातून स्पष्ट झाले.

यावर शॉपमधली प्रतिक्रिया अपेक्षित अशीच होती. आमचे सर्वांत जुने ऑपरेटर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, चार्टकडे पाहून म्हणाले, “मॅडम, एक तरी नग टॉलरन्सच्या बाहेर गेलाय का?” एकही गेला नव्हता. तीच अडचण समजावून सांगणे अवघड होते. ड्रॉइंगची मर्यादा ग्राहकाच्या गरजेवरून ठरते आणि नियंत्रण मर्यादा मशिनच्या स्वतःच्या वागण्यावरून निघते. शिवाय चार्टवर पाच नगांची सरासरी असते आणि तिचा फरक एकेका नगापेक्षा वर्गमूळ पाचच्या पटीने कमी असतो, त्यामुळे टॉलरन्सच्या रेषा त्या चार्टवर काढायच्याच नसतात. विस्तारावरून काढलेला सीपीके १.६८ येत होता, तर सर्व १२५ नगांचे प्रमाण विचलन घेऊन काढलेला पीपीके एकाच्याही खाली. हे मशिन काय करू शकते आणि आपण त्याच्याकडून काय करवून घेत आहोत, यांच्यातील अंतर या दोन आकड्यांत दिसत होते, आणि मामांना सूत्रांपेक्षा ही जोडी लवकर पटली.

कारणे शोधण्यासाठी चार्टच्या खाली शेऱ्यांची एक ओळ ठेवली होती आणि सगळ्यात उपयोगी ठरली ती हीच ओळ. ड्रेसिंग (ग्राइंडिंग व्हीलचा पृष्ठभाग पुन्हा नीट करणे), हँडलवरची भरपाई (हँडल फिरवून मशिनचे माप थोडे सरकवणे), मशिन थांबणे, कुलंट भरणे, यांतील प्रत्येक गोष्ट वेळेसह लिहायची, एवढाच नियम होता. पहिल्याच आठवड्यात दिसले की ऑपरेटर दर तपासणीत एक नग मोजून, तो मध्यापासून जितका दूर असेल तितकी भरपाई उलट दिशेने देत असे. त्यामागची निष्ठा खरी होती, परंतु मशिन जागेवर असताना एकाच नगावरून अशी पूर्ण भरपाई दिली तर नगांच्या मापांचे प्रसरण (व्हेरिअन्स) दुप्पट होते, म्हणजे प्रमाण विचलन जवळपास १.४१ पट वाढते. मामांनी दोन ड्रेसिंगच्या मध्ये हँडलला हात न लावण्याचे मान्य केले, थोड्या नाराजीनेच. त्यानंतरच्या चार्टवर प्रथमच व्हीलची झीज स्वच्छ दिसली. व्हील झिजते तसा व्यास हळूहळू मोठा होत जातो आणि बिंदू एकामागून एक वर चढतात. मग ठरावीक नगांनंतर एक मायक्रॉनची ठरलेली भरपाई आणि ठरलेल्या वेळी ड्रेसिंग, असा क्रम बसवला.

दुसरे कारण तापमानाचे होते. पोलादाच्या २५ मिलिमीटर व्यासात दहा अंश सेल्सिअसला सुमारे तीन मायक्रॉनचा फरक पडतो, आणि आमच्या नियंत्रण मर्यादांचे मध्यापासूनचे अंतर त्याहूनही कमी आहे. सकाळी थंड मास्टरवर (गेज जुळवण्यासाठीचा माहीत मापाचा नमुना) शून्य केलेल्या गेजमध्ये ग्राइंडिंगमधून नुकताच निघालेला गरम नग मोजला की चार्टवर उडी दिसे आणि दोष मशिनला दिला जाई. आता नग आणि मास्टर एकाच जाड लोखंडी पाटावर काही वेळ ठेवून मगच मोजतात आणि गेज जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा शून्य केला जातो.

नमुना किती वेळाने घ्यायचा यावर बराच वाद झाला. प्रक्रियेचे केंद्र एकेका नगाच्या एका सिग्माने सरकले, तर पाच नगांच्या गटाला ते फक्त तीन सिग्माच्या नियमाने ओळखायला सरासरी साडेचार गट लागतात. तासाला एक गट घेतला तर अर्धी शिफ्ट निघून जाते. म्हणून अर्ध्या तासाला एक गट ठरला. वेस्टर्न इलेक्ट्रिकचे (चार्टवर गडबड ओळखण्याचे प्रचलित) चारही नियम एकदम लावावेत अशी ग्राहकाच्या प्रतिनिधीची इच्छा होती. माझे मत वेगळे होते. तीन सिग्माचा एकच नियम असेल तर सर्व ठीक असताना सरासरी ३७० बिंदूंमागे एक खोटी हाक येते, पण चारही नियम लावले तर ती साधारण ९२ बिंदूंमागे येते, आणि सारख्या खोट्या हाका ऐकलेला ऑपरेटर खऱ्या हाकेलाही उठत नाही. शेवटी मर्यादेबाहेरचा बिंदू आणि एकाच बाजूचे सलग आठ बिंदू, हे दोन नियम ठेवले. प्रत्येक हाकेला काय करायचे, ते मशिनवरच्या फलकावर लिहिले: आधी पुन्हा मोजा, मग गेज तपासा आणि त्यानंतरच मशिनला हात लावा.

या सगळ्यानंतर घेतलेल्या गटांत सीपीके पूर्वीइतकाच राहिला आणि पीपीके १.५ च्या वर आला. पीपॅप मंजूर झाला. सव्वाशे नगांवरून काढलेल्या १.६८ च्या आसपास ०.२ इतकी अनिश्चितता असते, तेव्हा १.६७ ओलांडल्याचा फार आनंद मानण्यासारखे काही नाही, हे मी बैठकीत सांगितले. ते कोणाला विशेष आवडले नाही.

सध्या याच शाफ्टच्या हार्डनिंगचे, म्हणजे भट्टीत तापवून पोलाद कडक करण्याचे, काम हातात आहे. तिथे भट्टीच्या एका घाणीतून (एका वेळी भट्टीत घातलेल्या मालातून) कडकपणाचे एकच प्रातिनिधिक वाचन हाती येते, त्यामुळे पाचांचा गट करण्याचा प्रश्नच येत नाही. एकेका वाचनाचा चार्ट लावून लागोपाठच्या दोन वाचनांतील फरकांच्या सरासरीला २.६६ ने गुणून मर्यादा काढत आहोत. घाणींची संख्या अजून पुरेशी झालेली नाही, म्हणून त्या मर्यादा तूर्त पेन्सिलीनेच आखल्या आहेत.