कुबिंकातला 'माऊस'

आज मॉस्कोजवळच्या कुबिंका येथील संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धातला जर्मन 'माऊस' रणगाडा पाहिला आणि त्याच्यासमोरून बराच वेळ पाय निघेना. फर्डिनांड पोर्शे यांच्या आराखड्यानुसार बांधलेल्या या १८८ टनी रणगाड्याचे दोनच नमुने उभे राहिले; समोर होता तो सोव्हिएत सैन्याने पहिल्याचे धड आणि दुसऱ्याचा बुरूज (तोफ बसवलेला वरचा फिरता भाग) जोडून तयार केलेला आहे. १२८ मिलिमीटरच्या तोफेला खेटून ७५ मिलिमीटरची दुसरी तोफ दिसते. पोलाद आणि इंधन यांची चणचण असताना असल्या यंत्रावर श्रम वेचणे मला अक्षम्य वाटते, तरी अभियंत्यांच्या कल्पकतेला दाद द्यावीच लागते. एवढे वजन बहुतेक पुलांना पेलवणारे नव्हते, म्हणून तो नदीच्या तळातून न्यायचा आणि काठावरच्या दुसऱ्या माऊसने केबलमधून त्याच्या मोटरींना वीज पुरवायची, अशी योजना होती.